रत्नागिरीची ओळ

आमच्या ऑफिसातून दर वर्षी एक पुस्तक निघायचं. राज्यातल्या कुठल्या जिल्ह्यातली किती माणसं सैन्यदलांत आहेत, वर्षभरात किती नवी भरती झाली, किती निवृत्त झाली, किती मेली, याची आकडेवारी त्यात असे. करड्या रंगाचं मुखपृष्ठ आणि आत नुसते तक्ते. पुस्तक वरच्या साहेबांच्या टेबलांवर जाई, काही ग्रंथालयांत जाई, जिल्ह्यांच्या कचेऱ्यांत जाई आणि तिथे कपाटावर चढून बसे. ते कोणी वाचल्याचं मला आठवत नाही. विकत घेतल्याचं तर नाहीच नाही. तरी मी जवळपास अख्खी नोकरी त्या पुस्तकावर काढली, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा गर्व होता.

त्यातला मुख्य तक्ता समजायला अगदी सोपा. प्रत्येक जिल्ह्याची एक ओळ. ओळीत आधी वर्षाच्या सुरुवातीला सेवेत असलेले, मग नव्याने भरती झालेले, मग निवृत्त, मग मृत, मग ‘इतर’, आणि शेवटी वर्षअखेर सेवेत उरलेले. आधीच्यांत नवे मिळवायचे, गेलेले वजा करायचे, की शेवटचा आकडा आलाच पाहिजे. नाही आला तर कुठेतरी एक माणूस हरवलाय असं समजायचं आणि तो सापडेपर्यंत खुर्चीवरून उठायचं नाही. हे मी नव्याने आलेल्यांना मोठ्या तोऱ्यात ऐकवायची.

‘इतर’ म्हणजे काय, असं हमखास कोणीतरी विचारी. काढून टाकलेले, नाव कमी केलेले, न सांगता निघून गेलेले. ज्यांचं काय झालं ते चारचौघांत छापायला अवघड वाटतं, ते सगळे त्या रकान्यात. बहुतेक जिल्ह्यांच्या ओळीत तिथे कोणीच नसे. मग तिथे शून्य न घालता आडवी रेघ छापायची, अशी आमची पद्धत होती.

माझा स्वभाव खाष्ट. एका वर्षी कुठल्याशा जिल्ह्याच्या ओळीत छपाईत एक आकडा चुकला, तेव्हा मी शुद्धिपत्र काढायला लावलं होतं. म्हणजे चुकीची दुरुस्ती सांगणारी बोटभर चिठ्ठी छापायची आणि एकूण एक प्रतीत डकवायची. साहेब तेव्हा नवे होते. “एका आकड्यासाठी?” ते म्हणाले. “आकडा नाही साहेब, माणूस आहे तो,” मी म्हणाले. सगळं ऑफिस ऐकत होतं आणि ते ऐकतायत हे मला ठाऊक होतं.

तक्त्याचं प्रूफ नेहमी दोघांनी वाचायचं असतं. एकाने मूळ कागदावरून मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने प्रूफावर बोट ठेवून तपासायचं. एकट्याचे डोळे फसतात. जे असायला हवं तेच त्यांना दिसतं. माझ्यासोबत वाचणाऱ्या बाई निवृत्त झाल्या आणि त्यांची जागा काही भरली गेली नाही. त्या वर्षांत कुठलीच जागा भरली जात नव्हती. त्याच सुमारास अक्षरजुळणीचं काम बाहेर द्यायचं ठरलं, आणि मी भाईंदरला जेसल पार्कात राहायची म्हणून ते केबिन रोडवरच्या एका डीटीपीवाल्याला मिळालं. मॅडमना जाता-येता त्याच्या डोक्यावर बसता येईल, असा साहेबांचा हिशोब. मग प्रूफं रविवारी घरी येऊ लागली आणि समोरच्या ब्लॉकमधल्या काकू माझ्याबरोबर वाचायला बसू लागल्या.

काकू रत्नागिरीकडच्या. नवरा लवकर गेला, मग घरी मसाले कुटून विकत त्यांनी एकुलता एक मुलगा वाढवला आणि तो सैन्यात गेला. शिक्षण सातवीपर्यंतचं, पण गावाला पोथी वाचायची सवय, त्यामुळे आवाज खणखणीत आणि दम मोठा. पहिल्या रविवारी त्यांनी तक्ता पोथीच्या चालीवरच वाचायला घेतला. मला हसू आवरेना. मग मी त्यांना आमचे नियम शिकवले. आकडा सुटा सुटा वाचायचा. जिथे रेघ असेल तिथे ‘आडवी रेघ’ असं पूर्ण म्हणायचं. ओळ संपली की थांबायचं, मी ‘जुळलं’ म्हटल्याशिवाय पुढच्या ओळीवर जायचं नाही. आणि मधे खंड पडला तर ओळ पहिल्यापासून वाचायची, मग कितीही कंटाळा येवो.

खंड पडायचाच. रविवारी उत्तनची कोळीण टोपली घेऊन जिना चढायची आणि नेमकी मोठ्या ओळीच्या मध्यावर दारात उभी राहायची. “बाय, बोंबील हाय ताजा. घेतेस का न्हाय?” काकू बोट कागदावर तसंच दाबून तिच्याशी भाव करायच्या, बोंबील टोपात घ्यायच्या, हात धुऊन यायच्या आणि निमूटपणे ओळीच्या सुरुवातीपासून वाचायला लागायच्या. माझ्या ऑफिसातल्या पदवीधरांना हे जमत नव्हतं.

रत्नागिरीची ओळ आली की मात्र त्या नियम मोडायच्या. मुलगा भरती झाला तेव्हा त्याचा पत्ता गावचा होता, त्यामुळे तो ठाण्यात नाही, रत्नागिरीत मोजला जाई. शेवटचा आकडा वाचून झाला की काकू त्यावर बोट ठेवून म्हणायच्या, “ह्यात एक माझा.”

“काकू, तक्त्यात नसलेलं वाचायचं नाही,” मी म्हणायची.

“नसलेलं कसं? हाय तो ह्यात.”

पुस्तक छापून आलं की एक प्रत मी त्यांना द्यायची. त्या ती देवाच्या फळीवर ठेवायच्या, हळदीकुंकू वाहायच्या. ज्या पुस्तकाला कपाटावरची धूळही नीट मिळत नसे, त्याला भाईंदरात हळदीकुंकू मिळत होतं. मी त्यांची चेष्टा करायची आणि मनातून सुखावायची.

मुलगा गणपतीत रजेवर येई. गावाला जाऊन मग आठवडाभर भाईंदरला. उंच, हसरा, आईसारखाच मोठ्या आवाजाचा. टँकरचं पाणी आलं की आमच्या अख्ख्या मजल्याचे हंडे तोच वर चढवायचा. एकदा माझ्या टेबलावरचं पुस्तक चाळत म्हणाला, “मावशी, ह्यात मी कितवा?”

“कितवा बितवा काही नाही. नुसता एक.”

“चालेल की,” तो म्हणाला. “पण मोजताय ना नीट?”

“माझ्या हातून आजवर एक माणूस सुटलेला नाही,” मी म्हणाले.

त्या वर्षीची रजा संपवून तो निघाला तेव्हा मीही खाली गेले होते. रिक्षात काळी ट्रंक, वर काकूंनी दिलेला लाडवांचा डबा. मिठागरांवरून वारा येत होता आणि काकूंचा पदर सारखा उडत होता. त्याने मला वाकून नमस्कार केला. मला असले नमस्कार आवडत नाहीत, मी “पुरे पुरे” म्हणाले.

दिवाळीच्या आत पलटणीचं पत्र आलं. इंग्रजीतलं, दोन परिच्छेदांचं. रजा संपल्यावर जवान हजर झालेला नाही, घरी असल्यास ताबडतोब पाठवावं, असं त्यात होतं. ते मी काकूंना वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं. “हजर नाय म्हणजे? इथून तर गेला. तुम्ही पण बघितलात.” मी हो म्हणाले. अशा पत्रांनंतर काय होतं ते मला माहीत होतं. काही दिवस वाट बघतात, चौकशी बसते, माणूस पळून गेला असं ठरतं आणि पटावरून त्याचं नाव निघतं. हे मी काकूंना सांगितलं नाही. पत्रात नव्हतं, मी कशाला वाचू, अशी मी माझी समजूत घातली.

मग पोलीस आले. तो घरात लपलाय का, हे बघायला. त्यांनी पलंगाखाली पाहिलं, मोरीत पाहिलं, मसाल्याच्या डब्यांमागे पाहिलं. काकू त्यांच्या मागे फिरत सांगत होत्या, “अहो, तुम्ही त्याला बाहेर शोधा ना. हरवलाय तो.” पोलिसांच्या लेखी तो हरवलेला नव्हता, पळालेला होता, आणि पळालेल्याची आई हरवल्याची तक्रार घेऊन आली की चौकीत कोणी खुर्ची देत नाही. तरी काकू दर सोमवारी जायच्या, कधी केबिन रोडवरून भाजी घेऊन येताना पिशवीसकट जायच्या. तक्रार लिहून घ्यायला पोलिसांनी तीन महिने लावले. तो कागद काकूंनी घड्याळामागे खोचून ठेवला. बिल्डिंगमध्ये कुजबुज सुरू झाली होती. काहींनी मसाला दुसरीकडून घ्यायला सुरुवात केली.

त्यातच एक धागा मिळाला. त्याच गाडीने गेलेल्या दुसऱ्या एका जवानाने फोनवर सांगितलं, की वाटेतल्या एका मोठ्या स्टेशनात तो पाणी भरायला उतरला आणि नंतर डब्यात दिसला नाही. ट्रंक तशीच राहिली होती. काकूंनी लगेच ठरवलं, की तिथे जायचं, फोटो दाखवायचा, स्टेशनात आणि तिथल्या सरकारी दवाखान्यात विचारायचं. त्यांचा भाऊ गावाला शाळेत शिपाई होता. त्याच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत, शाळा उघडायच्या आधी, जूनच्या सुरुवातीला दोघांनी निघायचं, असं ठरलं आणि तिकिटंही काढली.

मार्चमध्ये वरून त्या वर्षाचे कागद आले. मी आधी रत्नागिरी काढली. ‘इतर’खाली एक होता.

त्या एका आकड्याकडे मी किती वेळ बघत बसले, ते सांगता येणार नाही. आयुष्यभर मी आकड्यांमागे माणूस आहे असं म्हणत आले होते, पण तोवर एकाही आकड्याला चेहरा नव्हता. हा नमस्कार करून गेला होता. आणि काकूंना तक्ता वाचता येत होता, हे माझंच कर्तृत्व. त्यांनी पत्र आल्यापासून दोनदा विचारलंही होतं, “ताई, पळालेला कुठल्या खान्यात घालतात?” आणि मी सांगून बसले होते.

दुसऱ्या कोणाला वाचायला बसवता आलं असतं. पण काकू त्या रविवारचीच वाट बघत होत्या, नाही बोलावलं असतं तर त्यांना कळलंच असतं. मी केबिन रोडवर गेले आणि डीटीपीवाल्याला म्हणाले, खरं पान तयार आहे तसं ठेव, पण मला त्याच पानाची आणखी एक प्रत हवीय. रत्नागिरीत ‘इतर’खाली आडवी रेघ घाल आणि शेवटच्या आकड्यात एक वाढव. खालच्या बेरजाही मीच बदलून दिल्या, कारण काकू आता बेरजाही ताडून बघायच्या. वाचायच्या मूळ कागदाचीही तशीच एक नक्कल करून घेतली.

“मॅडम, दो पेज का क्या करोगे?” त्याने विचारलं.

“तुम करो ना भाई,” मी म्हणाले. इतकी वर्षं त्याला चुकांवरून झापलेलं असल्याने त्याने पुढे विचारलं नाही.

रविवारी काकू आल्या. चष्मा पुसला. रत्नागिरीपर्यंत एकाही आकड्यावर अडखळल्या नाहीत. मग ती ओळ त्यांनी अगदी सावकाश वाचली, आणि ‘इतर’पाशी आल्यावर थांबून म्हणाल्या, “आडवी रेघ.” माझ्याकडे बघितलं. “आडवी रेघच ना ताई?”

“पुढे वाचा,” मी म्हणाले.

शेवटच्या आकड्यावर त्यांनी बोट ठेवलं. “ह्यात एक माझा,” म्हणाल्या आणि रडल्या. त्या वर्षात मी त्यांना पहिल्यांदा रडताना बघितलं. मी चहा टाकला. मला बरं वाटलं होतं, हे लिहायला हवं. चार दिवस तरी त्यांना झोप लागेल, एवढाच माझा विचार होता. पुस्तकात खरं तेच छापलं जाणार होतं. त्या वर्षीची प्रत काही ना काही कारण सांगून त्यांना द्यायची नाही, हेही ठरवून ठेवलं होतं.

शेवटचा छपाईचा ताव आला तेव्हा नियमाप्रमाणे तो पुन्हा दोघांनी वाचायला हवा होता. बाकीची पानं मी काकूंबरोबर वाचली. ते एक पान त्यांच्यापुढे ठेवता येत नव्हतं, म्हणून एकटीनेच बघितलं. एकटीचे डोळे. जे असायला हवं तेच त्यांना दिसलं. मी खाली ‘छपाईस योग्य’ लिहून सही केली.

पुस्तकाचे गठ्ठे ऑफिसात आले, मी सुतळी कापली, रत्नागिरी काढली. ‘इतर’खाली आडवी रेघ.

मी केबिन रोडवर धावत गेले. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. प्रूफं चुकीकडून बरोबरकडे जातात. त्याच्या धंद्यात शेवटी केलेलं पान ते बरोबरचं पान, आणि मी खोटं पान शेवटी करून घेतलं होतं. “आपने ही साइन किया ना मॅडम,” तो घाबरून म्हणाला. मीच केली होती सही.

त्याच दिवशी साहेबांकडे जाऊन शुद्धिपत्र मागायला हवं होतं. बोटभर चिठ्ठी. पण चूक कशी झाली, हे सांगावं लागलं असतं. बेरजांसकट चूक आपोआप होत नाही, हे साहेबांना कळलं असतं. मी स्वतःला म्हणाले, कोण वाचतंय हे पुस्तक? इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी तसं म्हणाले. आणि घरी आले तर काकू दारातच उभ्या. गठ्ठे यायचा आठवडा त्यांना पाठ होता. माझ्या पिशवीतून करडं पुस्तक डोकावत होतं, ते त्यांनी स्वतःच काढून घेतलं.

त्यांनी पान उघडलं, बघितलं, पुस्तक कपाळाला लावलं. दुसऱ्या दिवशी तिकिटं रद्द केली.

मी गेले त्यांच्याकडे. “काकू, जाऊन तर या,” मी म्हणाले. “तिकिटं काढलीच होती.”

“कशाला आता? छापून आलंय की. असेल कुठंतरी आत, गुप्त कामावर. लष्करात घरच्यांना सांगत नाय.”

“पण ते पत्र?”

“पत्र एका कारकुनानं लिवलंय, ताई. पुस्तक सरकारनं छापलंय.”

ते पुस्तकही एका कारकुनानेच केलंय, एवढंच बोलायचं होतं. मी परत आले आणि कुकर लावला.

त्या वर्षभर काकू मजेत होत्या. चौकीत जाणं थांबलं. शेजारणींना पुस्तक काढून दाखवायच्या, त्या अंगठाछापांनाही रेघ कुठली नि आकडा कुठला ते समजावायच्या. मसाल्याची गिऱ्हाइकंसुद्धा परत आली. गणपतीत त्यांनी लाडू केले, न जाणो, रजा मिळाली तर. मी एक लाडू खाल्ला. रोज सकाळी दार उघडताना मी ठरवायची की आज सांगू, आणि समोरचं दार उघडं दिसलं की चपला घालून खाली पळायची. भित्री माणसं फार कामसू होतात. मी त्या वर्षी एकही रजा घेतली नाही.

मार्च आला. नव्या वर्षाचे कागद वरून आले. त्यांतला वर्षाच्या सुरुवातीचा आकडा आमच्या छापील शेवटच्या आकड्याशी जुळायला हवा. रत्नागिरीत एकाचा फरक. साहेबांनीच पकडला. मला वाटलं, एका माणसासाठी ते काही करणार नाहीत, तळटीप देऊन सोडून देतील. मी तसं सुचवलंही.

“तुम्ही सांगताय हे?” ते हसले. टोमणा नव्हता, त्यांना खरंच मौज वाटली. “आकडा नाही, माणूस आहे, कोण म्हणालं होतं? काढा शुद्धिपत्र.” चूक कशी झाली, हे त्यांनी विचारलंच नाही. माझ्या हातून मुद्दाम काही होईल, हे त्यांच्या मनातही आलं नाही.

शुद्धिपत्राचं प्रूफ केबिन रोडवरून घेऊन मी घरी आले. चार ओळींचं. ते एकटीने वाचून चाललं असतं. पण आता एकही कागद मी एकटीने वाचणार नव्हते. आणि खरं कारण सांगायचं तर, जे मला बोलता येत नव्हतं ते काकूंनीच वाचावं, असं मला वाटलं. याला भित्रेपणा म्हणतात, मला माहीत आहे.

रविवारची दुपार होती. काकूंनी चष्मा लावला. “एवढंसंच?” म्हणाल्या. मी मूळ कागद त्यांच्या हातात दिला आणि प्रूफावर बोट ठेवलं.

“शुद्धिपत्र,” त्या खणखणीत वाचू लागल्या. “मागील वर्षाच्या तक्त्यात खालीलप्रमाणे दुरुस्ती करावी. जिल्हा, रत्नागिरी. रकाना, इतर. आडवी रेघ, याऐवजी, एक...”

त्या थांबल्या. बोट कागदावर तसंच होतं.

“ही चूक कोणी केली?”

“मी.”

“चुकून?”

“नाही.”

“तुम्हाला कधी कळलं?”

“पुस्तक आलं तेव्हाच.”

खाली टँकर आला होता, बायका हंड्यांसाठी एकमेकींना हाका मारत होत्या. काकूंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. “म्हणजे वरीसभर तो कुठंच नव्हता,” त्या म्हणाल्या. “आणि मी इथं लाडू करत बसले.”

मी माफी मागितली. काय काय म्हणाले ते आठवत नाही, आठवून उपयोगही नाही. त्यांनी ऐकलं की नाही, तेही कळलं नाही. मी बोलायची थांबले तेव्हा त्यांनी कागद जवळ ओढला. मधे खंड पडला होता. त्यांनी ओळ पहिल्यापासून वाचली. “जिल्हा, रत्नागिरी. रकाना, इतर. आडवी रेघ, याऐवजी, एक, वाचावे.” आणि थांबल्या. माझ्याकडे बघत राहिल्या.

“जुळलं,” मी म्हणाले.

मग त्या उठल्या, घरी जाऊन घड्याळामागचा कागद काढला आणि त्याच पावली चौकीत गेल्या.

त्या स्टेशनावर त्या भावाला घेऊन दोन आठवड्यांनी पोचल्या. मी बरोबर येते म्हणाले, त्यांनी नको म्हटलं. पाण्याच्या नळाशेजारी टपरी होती, तिचा मालक बदलला होता. सरकारी दवाखान्यात फोटो दाखवला. तिथल्या माणसाने सांगितलं, की रुळांजवळ सापडलेली, नाव-गाव सांगता न येणारी माणसं येतात तिथे. काही जगतात, काहींना तिथलीच माणसं स्मशानात पोचवतात. कपडे, फोटो ठेवतात काही महिने, मग जागा नसते. मागच्या उन्हाळ्यात आला असतात तर काही सांगता आलं असतं, असं तो म्हणाला. हे सगळं मला त्यांच्या भावाने जिन्यात सांगितलं. तो माझ्यावर रागावला नव्हता, कारण काकूंनी त्याला माझं काहीच सांगितलेलं नव्हतं. ते मला जास्त जड गेलं.

चिठ्ठ्या मी ऑफिसात स्वतः डकवल्या, एकूण एक प्रतीत. देवाच्या फळीवरच्या प्रतीत डकवायला मी गेले नाही.

काकू माझ्याशी भांडल्या नाहीत. समोरासमोर आलो की “गेला का टँकर?” एवढं विचारायच्या. त्या माझ्याकडे वाचायला मात्र येईनाशा झाल्या. रविवारी मी दार उघडं ठेवायची. कोळीण यायची, काकूंचं दार वाजवायची, मग माझ्या दारात उभी राहायची. मी बोंबील घ्यायची आणि एकटीने तक्ते वाचायची, आधी मोठ्याने वाचणारी होऊन आणि मग तपासणारी होऊन, तेच पान दोनदा.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये, न बोलावता, त्या दारात आल्या. केस बरेच पांढरे झाले होते. “मला सगळं नको,” त्या म्हणाल्या. “आमची तेवढी ओळ वाचते.”

मी मूळ कागद त्यांना दिला. खरा. त्यांनी उभ्यानेच वाचला, सुटा सुटा आकडा, पूर्वीसारखाच. ‘इतर’पाशी आल्या.

“आडवी रेघ,” त्यांनी वाचलं आणि कागद डोळ्यांजवळ नेला. “ही खरी हाय?”

“खरी आहे.”

“मग तो एक?”

मला सांगावं लागलं. एकदा घट दाखवली, की पुढच्या वर्षी तो माणूस सुरुवातीच्या आकड्यात धरत नाहीत. भरतीत नसतो, निवृत्तांत नसतो, मृतांत नसतो, इतरांतही नसतो. त्याच्याशिवायच बेरीज येते.

काकूंनी शेवटचा आकडा वाचला. बोट त्यावर नेऊन ठेवलं आणि काही न बोलता उचललं. ओळ संपली होती. त्या माझ्याकडे बघत थांबल्या, नियमच होता तसा.

प्रूफावरचं माझं बोटही तिथेच होतं. सगळे आकडे बरोबर होते.

“जुळलं,” मी म्हणाले.